भुलीची धास्ती

खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत प्रेमलाताईंची सगळी नोकरी झाली. बाई कडक. विहारात वंदना चालू असताना कुणी कुजबुजलं, तर नुसत्या नजरेने गप्प करायच्या. एसटीत मात्र त्यांचा चेहरा उतरायचा. घाट सुरू व्हायच्या आधीच त्यांना गाडी लागायची.

तरुणपणी त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भूल उतरली आणि उलट्या सुरू झाल्या. ओकून ओकून टाके ताणले, पाण्याचा घोटही पोटात ठरेना. "मेले तरी चालेल, पण परत भूल नको," त्या नवऱ्याला म्हणाल्या. सीतारामांना तो तेवढ्यापुरता त्रागा वाटला.

सीताराम गेल्यानंतर कधीतरी त्यांच्या हाताला छातीतली गाठ लागली. त्यांनी ती कुणालाच सांगितली नाही. वर्ष उलटलं, गाठीवरची कातडी चिघळली. ब्लाउजवरचा डाग लेकीला, अक्षताला, दिसला तेव्हा कुठे त्या हॉस्पिटलात गेल्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भुलीच्या डॉक्टर शेफाली भेटायला आल्या. "मागच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का? गाडी लागते?"

प्रेमलाताई चपापल्या. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"मग हुंगायची भूल टाळू, शिरेतून देऊ. उलट्या होऊ नयेत म्हणून वेगवेगळी औषधं आधीच देते. तरीही मळमळलं तर अंगावर काढू नका, लगेच सांगा."

शुद्ध आल्यावर त्या दात आवळून उलटीची वाट बघत पडून राहिल्या. ती आलीच नाही. संध्याकाळी घोटभर चहा दिला, तोही ठरला.

"बघ आई, उगाच घाबरत होतीस," अक्षता म्हणाली.

प्रेमलाताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"टाके दुखतायत का?"

"नाही गं. एवढंच होतं? एवढ्यासाठी मी गप्प बसले?"

काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचला होता. केमो झाली, रेडिएशनचं लाईट झालं. तरी पुढच्या वर्षी तो यकृतात निघाला.

एका दुपारी अक्षताने विचारलंच, "मला का नाही सांगितलंस?"

"तू चल म्हणाली असतीस. आणि मला यावं लागलं असतं."

अक्षताने आईची उशी सारखी केली आणि तिच्या पायांवर पांघरूण ओढलं.

थंडीत प्रेमलाताई गेल्या.