बाल्कनीत नेलेला धूप

देव आपलं ऐकत नाही, असं त्या वर्षी मला वाटू लागलं होतं. आम्ही दुबईत अल कुसैसला राहत होतो. माझी सात वर्षांची मुलगी दिवसभर शाळेत बरी असायची, आणि संध्याकाळी घरात तिची छाती शीळ घालू लागायची. डॉक्टरांनी बालदमा सांगितला. कुणाला तो धुळीने उसळतो, कुणाला पळण्याने, कुणाला धुराने. "घरात कोणी सिगरेट ओढतं?" त्यांनी विचारलं. "छे, आमचं घर देवाधर्माचं आहे," मी अभिमानाने म्हणालो. त्यांनी दोन पंप दिले, एक बरं असतानाही रोज घ्यायचा आणि दुसरा, निळा, धाप लागली की.

पंप मी कधी चुकवले नाहीत. पण तिला धाप लागली की मी देवापुढे धूप जास्त घालायचो. एसीमुळे खिडक्या बंद असत. तो धूर आहे, हे माझ्या मनातही आलं नाही.

एका गुरुवारी घरी आरती होती. शेजारणीची आई रत्नागिरीहून लेकीकडे आलेली. त्या आजी आरतीला येणारच नव्हत्या, पण लेकीच्या घरचा एसी बंद पडला म्हणून आल्या. आरतीच्या मध्येच मुलीने माझा सदरा ओढला, "बाबा, आय कान्ट ब्रीद." मी तिला खुणेने थांबायला सांगितलं. आरती अर्धवट कशी सोडायची? ती खूण मला आजही सलते.

आजींनी सरळ धुपाटणं उचललं आणि बाल्कनीत नेऊन ठेवलं.

"अगं आई, दुसऱ्याच्या देवापुढचं उचलतेस?" शेजारीण ओशाळली.

"देवाला बाहेरूनही वास येतो हो! मी जन्माची दमेकरी, माझीच छाती भरली. मग ह्या एवढ्याशा पोरीचं काय?" आणि माझ्याकडे वळून, "बाबा, बघत काय राहिलास? पंप आण हिचा."

पत्नीने स्पेसरचं नळकांडं लावून मुलीला निळा पंप दिला. आजी तिला ताठ बसवून पाठीवर हात ठेवून बसल्या. हळूहळू शीळ उतरली. मी देवापुढे उभा राहून रडलो.

एसी बंद पडणं योगायोग असेल, मी वाद घालत नाही. देवाला काय हवं ते मीच ठरवत होतो आणि त्यालाच भक्ती म्हणत होतो. आता देवापुढे फक्त फूल असतं. दमा गेला नाही. रोजचा पंप चालू आहे. पण परवाच्या आरतीत तिने शेवटचा सूर असा लांबवला, की आम्हा सगळ्यांचा दम संपला.

"बाबा, यू स्टॉप्ड फर्स्ट!" ती हसली.

मी नुसते हात जोडले.