दोघांची एकच मोजणी

लिहायचा माझा अधिकार किती, कोण जाणे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काही उणंअधिक झालं तर सांभाळून घ्यावं. पण त्या मोजणीची किळस अजून जात नाही, म्हणून लिहितो.

तेव्हा मी नाशिकला बी.एस्सी.ला होतो. सिन्नरकडच्या आमच्या गावाहून एसटीने येऊन जाऊन करी. शहराबाहेर मेलेली ढोरं टाकायचा माळ होता. तिथली गिधाडं वर्षभर मी आणि वर्गातल्या आणखी एकाने, अशी दोघांनी मोजायची, असं आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी ठरवलं. एकमेकांना न विचारता मोजायचं. आकड्यांत जितका फरक, तितका भरवसा कमी. आपण किती चुकत असू हेही सांगणारं शास्त्र मला फार आवडलं. मग सर म्हणाले, "तुला वासाचा त्रास व्हायचा नाही." वर्गात कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या आजोबांनी गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं.

वासाने डबा उघडवत नसे. गिधाडं म्हशीच्या पोटात माना खुपसून एकमेकांवर चढत. कुठलं मोजलं, कुठलं राहिलं, कळेना. मी पुन्हा पुन्हा मोजी. जोडीदार लांब कडुलिंबाखाली, नाकाला रुमाल लावून.

"किती झाली रे?"

"तू तुझी मोज."

"माझ्यासाठी काय निराळी बसणारेत? सांग की, राजा."

मी सांगत नसे. मग परतताना तो माझ्या हातातला कागद ओढून घेई आणि तोच आकडा उतरवी.

शेवटी मी चाचरत सरांकडे गेलो. "सर, फरक शून्य येतो तो खरा नाही. त्याने मोजलेलंच नाही."

"फरक नाही, हे चांगलंच की. अहवाल कसा स्वच्छ दिसतो."

तो स्वच्छ शब्द घेऊन मी पुन्हा माळावर मोजायला गेलो.

घरी आई दारातच पाण्याची बादली ठेवी. एकदा म्हणाली, "याच्यासाठी धाडलं व्हतं का तुला शिकाया?"

"एवढं वर्ष गं. मग सुटलो."

सुट्टीनंतर कॉलेज उघडलं, तेव्हा प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी मला बाजूला घेतलं. अहवाल पसंत पडला होता, मोजणी पुढे चालू राहणार होती. "दोघांचं तंतोतंत जुळतं, मग दोन माणसं कशाला, म्हणाले सर. औंदा एकच," मामा म्हणाले. "तुझं नाव लावलंय."