कुंकू कुठे लावायचं

लिंबायतच्या नूतनने मराठीत एम.ए. केलं तेव्हा गल्लीतले हसले, "आता काय कविता विकणार?" आणि ही पठ्ठी लागली कुठे, तर लूम, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग, बनवणाऱ्या कंपनीत! नव्या लूमचं माहितीपुस्तक मराठीत लिहायला, कारण चालवणारे कारागीर बरेचसे खानदेशातून इकडे आलेले. पण कंपनीच्या शेठनी आधीच बजावलं, "यंत्राचं पुस्तक यंत्र शिकलेल्यानेच लिहावं. नवागामच्या कारखान्यात तुझ्या पुस्तकावर लूम चालला तर नोकरी पक्की, नाहीतर इंजिनिअर आणतो." वडिलांचे गुडघे गेलेले, घर हिच्यावर. नोकरी जाऊन चालणार नव्हतं.

कंपनीतले इंजिनिअर योगेंद्र सर. त्यांनी तिला खुर्चीवर बसूच दिलं नाही. "आधी लूमपाशी उभी राहा," म्हणाले, आणि धागा तुटला की लूम थांबवणारा तो काचेचा डोळा उघडून, पुन्हा बसवून दाखवला. हिने वेडेवाकडे शंभर प्रश्न विचारले, तरी कपाळावर आठी नाही. असा माणूस भेटायला भाग्य लागतं हो!

नवागामला लूम बसला, आणि घ्या! सुरू केला की बंद, सुरू केला की बंद. धागा मात्र शाबूत. शेठ पुस्तकाकडे रोखून बघायला लागले. सरांनी सगळ्या वायरी तपासल्या. नूतन लूमभोवती फिरून बघत होती. तेवढ्यात तिला दिसलं, त्या काचेच्या डोळ्यावर कुंकवाचं बोट! तिचे वडील भटूअण्णा जन्मभर लूमला कुंकू लावूनच काम सुरू करायचे. इथले कारागीर हिलालभाऊ, त्यांनीही तेच केलं होतं, समोर चकचकीत दिसलं तिथेच.

"सर, कुंकवाने अडेल का हो?"

"अगं, अडेल म्हणजे? त्याला दिसणारच नाही!"

काच पुसली, लूम धडधडत सुरू झाला. पूजा करू नका असं लिहून कुणी ऐकलं नसतं, हे नूतनला पक्कं ठाऊक. तिने पुस्तकात लिहिलं, "कुंकू वरच्या लोखंडी पट्टीवर लावा. काचेवर लावलं तर लूम थांबेल."

शेठनी विचारलं, "कुणाला सुचलं हे?" सरांचा सख्खा भाचा इंजिनिअर, याच जागेसाठी अर्ज करून बसलेला. तरी सर म्हणाले, "नूतनला. मी अजून वायरीच उकलत बसलो असतो. हिलाच ठेवा, शेठ."

घरी हे सांगताना नूतनला रडू आवरेना. भटूअण्णांनी उपरण्याने आपलेच डोळे पुसले.

"रडस काय, येडी? त्या सायबले आपला घर जेवाले बलाव," ते म्हणाले. मग उपरणं खांद्यावर टाकत म्हणाले, "आन त्याना भाचालेबी."