वडिलांच्या नावाचं बाक

आनेकलच्या जुन्या पेठेत अण्णांचं रंगाचं दुकान आहे. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. घरी मराठी, दुकानात कन्नड आणि दर वाक्यात एक ‘स्वल्प’, म्हणजे ‘जरा’.

“ताई, पेठ स्वल्प उजळू या,” म्हणत त्यांनी गावातले देणगीदार गाठले. दिवे आले, झाडं आली, बाकं आली. एक बाक अण्णांनी स्वतः दिलं, एक मी. हौसेनं अण्णांनी प्रत्येक बाकाच्या बैठकीवरच देणगीदाराच्या वारलेल्या वडिलांचं नाव ठसठशीत रंगवलं; माझ्या बाकावर आमच्या नानांचं.

मग काय, कोणी बसेचना! बायका जड पिशव्या घेऊन शेजारी उभ्या. “कुणाच्या वडिलांवर कसं बसायचं, अक्का?” एकीनं मलाच विचारलं.

परवा सकाळी अण्णा पॉलिश पेपरनं स्वतःच्या वडिलांचं नाव घासत होते.

“अहो अण्णा, हे काय?”

“बाबांना स्वल्प गर्दी लागायची,” मान वर न करता ते म्हणाले.

दुपारी त्या बाकावर तीन म्हाताऱ्या दाटीवाटीनं बसून मोठमोठ्यानं भांडत होत्या. अण्णा दुकानाच्या दारातून डोळे भरून बघत होते.

मी हात पुढे केला. “तो पॉलिश पेपर द्या. आमच्या नानांनाही एकटं बसवत नसे.”