तव्यात न मावणारा ट्राउट

शेजारच्या काकांच्या मासेमारीची सगळी अब्रू काकूंच्या तव्याला टांगलेली होती. तवा होता दीड वीत रुंद, आणि वीस वर्षांत काकांनी घरी आणलेल्या एकाही ट्राउटची शेपटी त्या तव्याबाहेर गेली नव्हती. शनिवारी कुणाकडे जेवायला जमलो की काका हात पसरून माशांची मापं सांगायचे, आणि काकू आमटी वाढता वाढता म्हणायच्या, "चार बोटं कमी करून ऐका हं!" सगळे खो खो हसायचे. काकाही हसायचे, पण जरा उशिरानं.

मी तेव्हा अमेरिकेत, रेडमंडला नोकरी करत होते. मी नागपूरची, शुद्ध शाकाहारी, माशाच्या वासानं नाक धरणारी. पण काकांचे गुडघे गेलेले, तळ्यावर त्यांच्या होडीत वल्ही मारायला कुणीतरी हवं होतं, आणि काकूंचा रविवारचा डबा म्हणजे काय सांगू! त्या डब्यापायी मी नावाडी झाले.

२००४ साली अधिक श्रावण आला. काकूंनी जाहीर केलं, "अधिक आणि निज, दोन्ही पाळायचे. घरात मासा येणार नाही." काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. कारण सप्टेंबरात घर आणि होडी विकून दोघं मुलीकडे, ओहायोतल्या डब्लिनला, कायमचे निघाले होते. म्हणजे शेवटचा सीझन असा कोरडा जाणार!

आठ दिवसांत काकांनी पळवाट काढली. "खायचाच नाही ना? मग छोटे हवेत कुणाला? आता फक्त मोठ्याच्या मागे. पकडायचा, हिला दाखवायचा आणि सोडून द्यायचा." त्यांनी नवा लुअर, म्हणजे गळाला लावायचं खोटं आमिष, आणला. वीतभर लांबीचा लाकडी मासा, मध्ये सांधा, ओढला की खऱ्यासारखा वळवळणारा. मोठा ट्राउट किडे टिपत बसत नाही, तो दुसरे मासे खातो, असं त्यांचं म्हणणं.

"काका, हे लाटणं आहे," मी म्हटलं.

"असू दे. छोटे ह्याच्या वाऱ्यालाही उभे राहणार नाहीत."

तेवढं मात्र शंभर टक्के खरं ठरलं. सात रविवार मी हाताला फोड येईपर्यंत वल्ही मारली आणि लाटण्याला कुणी हुंगलंसुद्धा नाही. शेजारच्या होड्यांत गांडुळांवर मासे लागत होते. मी वैतागून म्हटलं, "यार काका, छोटा गळ लावा ना! निदान काहीतरी हलेल."

"नाही." ते रिटायर झालेले सर्जन. हा त्यांचा ऑपरेशन थिएटरमधला आवाज असणार.

सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीचा सोमवार आला. होडी दुसऱ्या दिवशी जाणार होती. श्रावणी सोमवारही होता, म्हणून काकू साबुदाण्याची खिचडी घेऊन काठावर खुर्ची टाकून बसल्या. दहाच्या सुमाराला काकांचा रॉड एकदम वाकला. पाण्याखाली काहीतरी जाडजूड वळलं.

"जाळं घे!"

मी जाळं उचललं आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. जाळं नेहमीचंच होतं, तव्याच्या मापाचं. सात आठवडे मोठ्या माशाच्या मागे, पण मोठं जाळं आणायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! मनातून आम्हालाही खात्री कुठे होती?

"काठाकडे चल! हळू! अगं, जोरात! हळू!"

"काका, एक काहीतरी सांगा!" मी ओरडले आणि वल्ही हाणत सुटले.

काठाशी गुडघाभर पाण्यात मी उडी मारली आणि नाक न धरता त्या माशाला दोन्ही हातांनी धरलं. गुलाबी पट्ट्याचा, थंडगार, नुसती ताकद! कॅमेरा गाडीत राहिला होता. काकू मात्र बुटांसकट पाण्यात आल्या. हात ओला केला आणि माशाच्या पाठीवर वीत टेकवली. एक. दोन. तीन. मग बोटं मोजली. काका होडीतून उतरून बघत होते.

मग काकूंनी हात बाजूला घेतला. काकांनी पकडीनं हूक काढला, मी हात सैल केले, आणि मासा शेपटीचं पाणी आमच्या तोंडावर उडवून गेला. काका तिथेच चिखलात बसून लहान पोरासारखे हसत होते, डोळेही पुसत होते. काकूंनी त्यांच्या हातात खिचडीचा डबा दिला. इतकी चविष्ट खिचडी मी जन्मात खाल्ली नाही.

दिवाळीला मी डब्लिनला फोन केला. तिकडे पाहुणे जमलेले, आणि काका त्यांना तोच किस्सा सांगत होते. "तीन वीत मासा, तीन!" पाहुण्यांचं हसू मला ऐकू आलं. मी वाट बघत राहिले, आता काकू बोलणार.

स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "चार बोटं कमी सांगताय, अहो! मी स्वतः मोजलाय. तीन वीत आणि चार बोटं!"