मशेरीचा तवा

अहिल्याबाईंचा जीव दोन गोष्टींत: देव्हाऱ्यातली अंबाबाई आणि मशेरीचा डबा. मुलगा विश्वास दिल्लीत सरकारी नोकरीला. तिथल्याच द्वारका भागातल्या नव्या सोसायटीत त्याला फ्लॅट मिळाला, तेव्हा साताऱ्याहून निघताना बाईंनी ट्रंकेत समई ठेवली आणि समईशेजारी तंबाखू भाजायचा काळा तवा. आजूबाजूच्या निम्म्या इमारती अजून उभ्या राहायच्या होत्या, पाणी टँकरनं यायचं. पण बाल्कनीत बाईंचा तवा तापला की वरच्या मजल्यावरून मिसेस चड्ढा खोकत ओरडायच्या, "आंटीजी, क्या जला दिया?"

"दाँत का मंजन है!" बाई खालून ओरडायच्या.

त्यांच्या लेखी ते मंजनच. सकाळी बोटानं दातांना लावायचं, मग दुपारी, मग चहानंतर. तंबाखू खाणाऱ्या बायका वेगळ्या.

सून केतकीला दिवस गेले आणि तिला पाणीही पचेना. बाईंनीच मायेनं तिच्या तळहातावर चिमूटभर मशेरी ठेवली. "लाव पोरी, मळमळ थांबते. मीही लावायचे." हळूहळू केतकीला त्याशिवाय चैन पडेना.

पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढ कमी आहे, आईच्या अंगात रक्तही नाही. "तंबाकू, गुटखा कुछ लेती हो, बेटा?"

"छे! हमारे घर में कोई हाथ नहीं लगाता," केतकीच्या आधी बाईच बोलल्या. अगदी मनापासून.

घरी आल्यावर केतकी म्हणाली, "आई, आपला तवा घासायला पडलाय. या काळ्या तव्यावर भाकरी टाकू?"

"खुळी की काय! मशेरीचा तवा तो. तंबाखूचं विष पोटात जाईल ना..."

बोलता बोलता बाईंची नजर केतकीच्या मशेरीनं काळ्या झालेल्या बोटावर गेली.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या. "कल मैं गलत बोली," म्हणत त्यांनी डबा टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी वास घेतला. भाजली तरी तंबाखूच, म्हणाल्या. हिरड्यांतून रक्तात उतरते, रक्तातून बाळापर्यंत. बाळ अशक्त होतं, दिवस भरण्याआधी येतं, कधी पोटातच जातं. "आज से बंद करो, तो भी फायदा है. और माताजी, आप भी."

बाईंची पहिली लेक मुठीएवढी जन्मली होती, रडलीच नव्हती. देवीची इच्छा म्हणून बाईंनी तेव्हा डोळे पुसले होते. परतताना त्या वाटभर देवीची माफी मागत आल्या.

डबा नाल्यात गेला, तवा भंगारवाल्याकडे. दोघींची डोकी ठणकायची. बाई तर भिंतीवरही खेकसायच्या.

"आई, आणू का चिमूटभर?" केतकी बडीशेप चघळत डिवचायची.

"जीभ हासडीन! जपाला बस माझ्याबरोबर."

नातू जन्मला तो वजनानं जरा कमीच, पण आवाज असा की मिसेस चड्ढा बाल्कनीत आल्या. "आंटीजी, कितना चिल्लाता है!"

"चिल्लाने दो!" बाई खालून ओरडल्या आणि पदरानं डोळे पुसत त्याला आणखी जवळ घेतलं.