टँकरचं गाणं

सत्तरच्या दशकातली हिट गाणी म्हणे! नात मोबाईलवर लावते, गिटार वाजतं, तिची मान हलायला लागते आणि मला विचारते, "आजी, काय भारी गाणी होती गं तुमची! तू नाचायचीस का?" नाचायचीस का! घागर घेऊन पळायचो बाई आम्ही.

आमचं गाव चौसाळ्यापासून आत, कच्च्या रस्त्याला. बहात्तरच्या दुष्काळात आड कोरडाठाक. टँकर येऊन आडात पाणी ओतायचा, पण त्याला ना वार ना वेळ. शेवटी गावच्या विकास सोसायटीच्या सेक्रेटरीनं युक्ती काढली. सोसायटीच्या गोदामावर भोंगा होता. टँकर फाट्यावर दिसला की तो रेकॉर्ड लावायचा. रेकॉर्डही एकच, कुणाच्या तरी लग्नात तिथं राहून गेलेली. गिटार, ड्रम आणि मध्येच एक बाई उगीच हसायची, असलं ते पॉप गाणं. शहरात पोरं बेलबॉटम घालून त्यावर नाचत होती म्हणे. आम्हाला त्याचं पहिलं कडवंसुद्धा पुरं ठाऊक नव्हतं. तोवर आम्ही आडावर भांडत असायचो.

गाणं लागलं की घरातलं उरलंसुरलं शिळं पाणी आधी गुरांपुढं ओतायचं आणि रिकामी घागर घेऊन पळायचं, हा सगळ्या गावाचा रिवाज. जी मागं राहील तिला तळाचा गाळ.

मी तेव्हा अकरा वर्षांची. आई तापानं फणफणलेली, वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. घरात पाणी अर्धी घागर. ऐन दुपारी भोंगा वाजला. मी घागर गाईपुढं पालथी केली आणि पळत सुटले. आडावर सगळं गाव जमलेलं आणि टँकरचा पत्ता नाही! गाणं आपलं चालूच. संपलं, पुन्हा लागलं. तेव्हा पहिल्यांदा मी ते पुरं ऐकलं. आग लागो त्याला!

मग कळलं, सोसायटीच्या निवडणुकीत चेअरमन पुन्हा निवडून आले होते, त्याचा हा जल्लोष. बायका शिव्या घालत घरी गेल्या. मी कशी जाणार? आईच्या ओठाला कोरड पडलेली आणि घरात थेंब नाही. तशीच घागर घेऊन सोसायटीवर गेले. तिथं चेअरमन हारात बुडालेले, भोवती माणसं नाचत होती.

"तात्या, टँकर कुठंय?"

"टँकर न्हाई पोरी. आज आनंद हाय. नाच तूबी."

"आवो, आमी घरातलं पानी वतून दिलं की!"

"कावून वतलं?"

"गानं लागलं म्हनून!"

सगळे खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पलीकडं चुलीवर चहाचं पातेलं उकळत होतं. गावात पाणी नाही आणि यांचा चहा चाललाय! पातेल्याशेजारी फळीनं झाकलेला ड्रम होता. फळी सरकवली, तर काठोकाठ पाणी, तळ दिसावा इतकं नितळ. चेअरमनच्या मळ्यातल्या विहिरीचं. त्या विहिरीवर गावाला बंदी होती. मी सरळ घागर बुडवली.

"ए, ए पोरी!" कुणीतरी ओरडलं.

"घिऊ द्या रे," चेअरमन म्हणाले. नुकतेच निवडून आले होते ना, चार माणसांत काय बोलणार?

घरी आले. आईला बसतं केलं, तांब्या तोंडाला लावला. ती गटागटा प्याली.

"टँकर आला का गं?"

तापात पडलेल्या बाईला काय सांगत बसू? मी म्हटलं, "आला."

"लई ग्वाड पानी आनलंय आज. रोज निस्तं मातकट आसतंय." पदरानं तोंड पुसत ती पुन्हा आडवी झाली. "चेअरमननंच सांगितलं आसंल टँकरवाल्याला. लई भला मानूस हाय."